फलालीनच्या फळ्यावरील बालकथा : एक रूपविचार

बालवाङ्मयाची समीक्षा आपल्याकडे मुख्यतः छापील पुस्तकांची समीक्षा राहिली आहे. तीन ते सहा या वयातील मूल वाचीत नाही. त्याचे वाङ्मय सांगणाऱ्याच्या तोंडी असते आणि ऐकणाऱ्याच्या कानी पडून तेथेच संपते. त्यामुळे या वयाच्या कथेचा विचार करण्याचे काम वाङ्मयाभ्यासकांनी शिक्षणशास्त्रावर सोपविले, आणि शिक्षणशास्त्राने ते ‘शैक्षणिक साधने’ या प्रकरणात घालून टाकले. फलालीनच्या फळ्यावर आकृती लावीत सांगितली जाणारी कथा अशीच तक्ते, बाहुल्या आणि मणीचौकटी यांच्या यादीत जाऊन बसली आहे. फळा कसा करावा, आकृती कशा कापाव्या, त्यांच्या पाठीस काय लावावे हे बालवाडीच्या शिक्षिकांना शिकविले जाते. कोणती कथा या फळ्यावर सांगावी आणि कोणती सांगताना हात आवरावा, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. हा प्रश्न साधनाचा नाही. तो कथेच्या घाटाचा, म्हणजे वाङ्मयाचा आहे. कथा फळ्यावर चढली म्हणजे तिचे काय होते, एवढाच शोध येथे तीन परिचित मराठी कथांच्या आधारे घ्यावयाचा आहे.

साधन अगदी साधे आहे. कोणी त्याला फ्लॅनेल बोर्ड म्हणतात, कोणी खादी फलक, तर अलीकडे फेल्ट बोर्ड हे नाव रूढ झाले आहे. सुमारे अडीच फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी प्लायवुडची किंवा जाड पुठ्ठ्याची फळी, तिच्यावर ताणून बसविलेले गडद रंगाचे फलालीन, आणि फेल्टमधून कापलेल्या आकृती. आकृती फळ्याला धरून राहतात त्या डिंकाने नव्हे. दोन्ही कापडांवरची लव एकमेकींत गुंतते आणि हलक्या हाताने ओढताच सुटते. कागदी चित्र असेल तर त्याच्या पाठीस फलालीनचा तुकडा किंवा खरखरीत पॉलिश पेपर लावतात. फळा किंचित मागे कललेला असावा लागतो. सरळ उभा ठेवल्यास जड आकृती घसरतात, आणि पंखा चालू असेल तर हलक्या उडतात. आकृती ठेवल्यावर तिच्यावरून एकदा तळवा दाबून फिरवावा लागतो. या एका हालचालीला कथनात किती महत्त्व आहे ते पुढे दिसेल.

फेल्ट हे विणलेले कापड नव्हे. लोकरीच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात; ओल, ऊब आणि दाब मिळाला की ते परस्परांत अडकतात आणि धागा न काततासुद्धा कापड तयार होते. आज दुकानांत मिळणारे रंगीत फेल्ट बहुधा कृत्रिम तंतूंचे असते. सांगली-कोल्हापूर भागाला ही वस्तू परकी नाही. धनगरांच्या मेंढ्यांच्या लोकरीची सनगरांनी विणलेली घोंगडी, आणि न विणता दाबून केलेले जेन, ही दोन्ही या मुलखाची अंथरुणे होत. कुपवाड हे आता औद्योगिक वसाहतीचे गाव आहे. १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महानगरपालिका झाली. पण जुने काळे घोंगडे मिळणे तेथे अजून अवघड नसावे. असे घोंगडे फळीवर ताणून बसविले तर त्याची राठ लव आकृतीला चांगली पकडते आणि काळ्या भूमीवर पांढरा, पिवळा, तांबडा रंग मागच्या मुलालाही स्वच्छ दिसतो. यात काटकसर आहे, तशीच आणखी एक गोष्ट आहे. ज्यावर आजी निजते त्याच वस्तूवर गोष्ट घडू लागते. फळा हा शाळेचा राहत नाही.

जवळची, स्वस्त आणि मुलाच्या ओळखीची वस्तू हेच खरे साधन, ही दृष्टी महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कार्यातून रुजली. गिजुभाई बधेका आणि ताराबाई यांच्या प्रयत्नांतून १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला; १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले आणि १९५७ साली ते कोसबादच्या टेकडीवर गेले. डॉ. माँटेसोरी यांच्या पद्धतीतील महागडी साधने खेड्यात आणि पाड्यावर परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी पाने, बिया, शंख-शिंपले आणि माती आली. ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तितकी लक्षात न घेतलेली गोष्ट अशी की, कथेच्या बाबतीत गिजुभाईंनी माँटेसोरींची वाट सोडली होती. लहान मुलाला आधी वास्तवाशी नाते जोडू द्यावे, बोलणारे प्राणी आणि पऱ्या त्याच्यावर लादू नयेत, असा माँटेसोरींचा कल होता. गिजुभाईंनी मात्र १९२५ साली ‘वार्तानुं शास्त्र’ हा ग्रंथ लिहिला, आणि गोष्टीची निवड, तिचा क्रम व ती सांगण्याची कला यांचा स्वतंत्र विचार मांडला.

फलालीनच्या फळ्यावरील कथा या दोन प्रवृत्तींच्या मधोमध उभी आहे. हातात धरता येणाऱ्या, उचलता-ठेवता येणाऱ्या, नेमक्या आकाराच्या वस्तू ही तिची एक बाजू. ती माँटेसोरींना पटण्यासारखी आहे. बोलणारी चिमणी आणि चालणारा भोपळा ही दुसरी बाजू, ती गिजुभाईंची. साधन सांगते, पाहा आणि ओळख. कथा सांगते, ऐक आणि मनात उभे कर. या दोन आज्ञा नेहमी एकमेकींना पूरक असतात असे गृहीत धरूनच आजवरची मार्गदर्शक पुस्तके लिहिली गेली आहेत. त्या कधी कधी परस्परविरोधी असतात.

हा विरोध नवा आहे असेही नाही. चित्र दाखवून कथा सांगणाऱ्या चित्रकथकाचा उल्लेख बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त येतो, आणि कुडाळजवळच्या पिंगुळीतील ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा आपल्या काळापर्यंत आणली. तिच्यात एका आख्यानाच्या सुट्या चित्रांची मिळून एक पोथी होते; कथेकरी एकेक चित्र समोर धरतो आणि त्यावर कितीतरी वेळ गातो, बोलतो. चित्र स्थिर, शब्द वाहता. प्रेक्षकाला रामायण-महाभारत आधीच ठाऊक असल्यामुळे चित्राने काही उघड करावयाचे नसते. ते केवळ मन एका जागी धरून ठेवते. फळ्यावरच्या कथेत याच्या उलट घडते. येथे चित्रेच हलतात, वाक्यागणिक एखादी आकृती येते किंवा जाते, आणि शब्द चित्राच्या मागे धावू लागतो. बालवाडीतील बाईंना जवळचा आदर्श शोधावयाचा असेल तर तो सांगलीतच आहे. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी श्रीमंत चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेव्हा कथानकाचा धागा सूत्रधाराच्या गाण्यात होता. पात्रे त्याच्या पदांच्या मधल्या जागेत येत, आपापला भाग करीत आणि जात. भाव्यांनी लाकडी बाहुल्याही केल्या होत्या, आणि पुढे रामदास पाध्ये यांनी त्यांना पुन्हा प्रेक्षकांसमोर आणले. सूत्रधार गप्प झाला तर पात्रांना संदर्भ उरत नाही, ही भाव्यांच्या नाटकाची मर्यादा म्हणून सांगितली जाते. फळ्यावरच्या कथेत तीच मर्यादा तिचे बळ ठरते. आकृतीला स्वतःचा आवाज नाही. तिला काय अर्थ द्यावयाचा हे सांगणाराच ठरवितो, निदान त्याने ठरवावयास हवे.

आता कथांकडे वळावे. उंदराच्या टोपीची कथा प्रथम घेणे सोयीचे, कारण या फळ्यासाठीच ती जन्मली असावी असे वाटते. उंदराला वाटेत एक चिंधी सापडते. तो धोब्याकडे जाऊन ती धुऊन घेतो, रंगाऱ्याकडून रंगवून घेतो, शिंप्याकडून तिची टोपी शिवून घेतो, तिला गोंडे लावून घेतो, आणि ती घालून ढोलके वाजवीत राजाला हिणवतो. या कथेत फळा एक अशी गोष्ट करतो की जी पुस्तकाला साधत नाही. पुस्तकातील चिंधी हे चिंधीचे चित्र असते. फळ्यावरील चिंधी ही चिंधीच असते. बाईंनी खरोखरच कापडाचा एक तुकडा उचलून तेथे ठेवलेला असतो. वस्तू आणि तिची प्रतिमा यांतील अंतर येथे नाहीसे होते, आणि मुलाला ते तत्काळ कळते.

पण हा लाभ बहुतेक संचांत हातचा घालविलेला दिसतो. मळकट चिंधी, पांढरी चिंधी, तांबडी चिंधी आणि टोपी अशा चार वेगवेगळ्या आकृती कापल्या जातात. धोब्याचा प्रसंग आला की मळकी काढून पांढरी ठेवली जाते. मुलाला दिसते ते असे की, जुनी वस्तू गेली आणि नवी आली. कथेतला बदल अदलाबदल होऊन बसतो. वस्तुतः कथेचा सगळा आनंद यात आहे की, ती चिंधी तीच आहे. कचऱ्यातून उचललेला तोच तुकडा राजाच्या डोळ्यांत खुपतो. म्हणून येथे एकच तुकडा वापरावा, त्याचीच सर्वांसमोर घडी घालून टोपी करावी आणि तिच्यावर गोंडे एकेक करून लावावे, हे अधिक योग्य. रंगविण्याचा प्रसंग मग केवळ शब्दाने सांगावा लागेल, आणि तो तसा सांगितल्याने काही बिघडत नाही. पाच वर्षांचे मूल तांबड्या न झालेल्या कापडाला तांबडे मानू शकते. तसे मानणे हाच तर त्याचा खेळ असतो.

म्हातारी आणि भोपळा ही कथा निराळ्या रीतीने फळ्याला मानवते. लेकीकडे निघालेली म्हातारी रानात कोल्ह्याला आणि वाघाला भेटते, आधी लठ्ठ होऊन येऊ द्या मग खा, असे सांगून सुटते, आणि परतताना भोपळ्यात बसून त्यांच्यासमोरून निघून जाते. ‘आधी लठ्ठ होऊ दे’ हे आश्वासन अनेक देशांच्या लोककथांत आढळते. आर्ने आणि टॉम्सन यांच्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र स्थान आहे. या कथेचे रहस्य कोणापासून लपवावयाचे? वाघापासून. ऐकणाऱ्यापासून नव्हे. म्हातारी भोपळ्यात आहे हे मुलाला ठाऊक असते आणि वाघाला नसते. म्हणूनच भोपळा वाघाजवळून जाताना मुलाचा श्वास अडकतो. फळ्यावर म्हातारीची आकृती आधी ठेवावी आणि तिच्यावर भोपळा झाकावा, म्हणजे हे ज्ञान हातानेच सिद्ध होते. म्हातारी मुलाच्या डोळ्यांदेखत लपलेली असते. भोपळ्याच्या कडेने तिच्या लुगड्याची तांबडी किनार किंचित डोकावली तर बाई ओशाळतात, परंतु ओशाळण्याचे कारण नाही. त्या किनारीने प्रसंगाला अधिकच धार येते. तळवा दाबून आकृती बसविण्याला लागणारा तो क्षणभराचा वेळही येथे उपकारक होतो. वाघ फळ्यावर आला, हात त्याच्यावरून फिरला, आवाज थांबला. त्या विरामात वाघ खरोखरच वाटेत बसतो.

चिमणी आणि कावळा यांची कथा मात्र या दोहोंहून वेगळी आहे, आणि बालवाड्यांतून हीच कथा फळ्यावर सर्वांत अधिक सांगितली जात असावी. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. मोठा पाऊस येतो, शेणाचे घर वाहून जाते, कावळा चिमणीच्या दारी येऊन दार उघडण्याची विनवणी करतो, आणि चिमणी आतून त्याला थांबावयास सांगते. बाळाला न्हाऊ घालावयाचे आहे, पुसावयाचे आहे, तीट लावावयाची आहे, निजवावयाचे आहे. प्रत्येक वेळी कावळा पुन्हा दार ठोठावतो.

ही कथा तोंडी ऐकताना मूल कोठे उभे असते? ते दाराबाहेर, कावळ्याच्या बाजूला उभे असते. त्याला आतले काही दिसत नाही. फक्त आतून येणारा आवाज ऐकू येतो. चिमणी खरेच कामात आहे की कारणे सांगत आहे, हे त्याला ठरविता येत नाही. काही घरांत आजी चिमणीचे बोलणे गोड, घाईतल्या आईचे करून सांगते. काही घरांत त्या गोडव्याखाली धार असते. पुष्कळ ठिकाणी ते दोन्हीच्या मध्ये कोठेतरी राहते. कथेचा सगळा ताण या न ठरण्यात आहे. ‘थांब’ हा शब्द लहान मुलाला दिवसातून कितीदा ऐकावा लागतो याची मोठ्यांना कल्पना नसते. कारखान्याच्या पाळीची वेळ गाठणारी आई, नळाला पाणी आले म्हणून धावणारी आजी, धाकट्या भावाला झोपवणारी ताई, सगळ्याच थांब म्हणतात, आणि त्या खरेच कामात असतात की नाही हे मुलाला बाहेरूनच ओळखावे लागते. कावळ्याची कथा मुलाला धरून ठेवते ती याच अनुभवाच्या बळावर. तिच्यात आळशी आणि उद्योगी यांचा बोध शोधणाऱ्यांनी तिला उगाच लहान केले आहे.

फळ्यावर हीच कथा कशी मांडली जाते? डावीकडे कावळा, उजवीकडे चिमणीचे घर, आणि घराच्या चौकटीत आतले दृश्य. टब आला, बाळ आले, टॉवेल आला, काजळाची डबी आली, पाळणा आला. कापावयास हौस वाटावी अशा या वस्तू आहेत आणि त्या कापल्याही सुबक जातात. परिणाम असा होतो की, प्रत्येक नव्या वाक्याने घराच्या आतल्या बाजूस एक आकृती वाढते. बाहेर कावळ्याच्या बाजूस काहीच वाढत नाही. तो पहिल्या क्षणी ठेवला तेथेच राहतो. मुलांचे डोळे साहजिकच जेथे काही घडते तेथे जातात. पाळणा येईपर्यंत कावळा विसरला गेलेला असतो आणि कथेचे रूपांतर बाळाच्या अंघोळीच्या पाठात होते.

याहून मोठी हानी दुसरी आहे. टब दिसला म्हणजे चिमणी खरे बोलते हे सिद्ध झाले. जे तोंडी कथेत आवाजावर आणि ऐकणाऱ्याच्या मनावर सोपविलेले होते ते चित्राने परस्पर निकालात काढले. चिमणी सत्यवचनी, कावळा उतावळा. मर्ढेकरांनी लयतत्त्वाची चर्चा करताना संवाद, विरोध आणि समतोल या नियमांचा विचार केला. त्या परिभाषेत बोलावयाचे तर या कथेतील मूळ विरोध हा चिमणी आणि कावळा यांच्यातला नसून आत आणि बाहेर यांच्यातला आहे. फळ्याची सपाट भूमी आत आणि बाहेर एकाच वेळी, एकाच पातळीवर दाखविते. दाराला अर्थ उरत नाही. ज्या कथेत एक दार मिटलेले असणे हीच घटना आहे, तिच्यातील भिंत काढून टाकल्यावर मागे उरतात त्या काही सुंदर कापडी वस्तू.

यावर असा आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे, की तीन वर्षांच्या मुलाला न दिसणाऱ्या पात्राचा आवाज धरून ठेवणे जमेलच असे नाही. आणि ज्या मुलाला मराठीच येत नाही त्याने काय करावे? कुपवाडसारख्या ठिकाणी हा प्रश्न काल्पनिक नाही. औद्योगिक वसाहतीच्या आसपासच्या बालवाडीत घरी कन्नड बोलणारे, दखनी किंवा हिंदी बोलणारे, दूरच्या प्रांतातून नुकतेच आलेले असे मूल मराठी मुलाशेजारी बसणे स्वाभाविक आहे. त्याला ‘तीट’ हा शब्द कळत नाही, काळा ठिपका मात्र कळतो. त्याच्याही कपाळावर तो कधीतरी लावलेला असतो. अशा मुलासाठी फळ्यावरची आकृती ही कथेत शिरण्याची पहिली पायरी असते, आणि तोंडी कथेच्या शुद्धतेसाठी ती काढून घेणे हा अन्याय होईल. फळ्याच्या बाजूने सांगता येण्यासारखा सर्वांत समर्थ युक्तिवाद हाच आहे. साधन म्हणून त्याची जी स्तुती केली जाते, की मुलांचे लक्ष वेधते, एकाग्रता वाढते, ती त्यामानाने दुय्यम आहे.

परंतु हा युक्तिवाद पहिल्या दिवसापुरता खरा आहे. या वयात कथा एकदाच सांगितली जात नाही. तीच कथा मूल आठवडाभर, महिनाभर मागते. पहिल्या वेळी टब, टॉवेल, पाळणा सर्व दिसू द्यावे. चौथ्या-पाचव्या वेळी, शब्द कानावरून गेल्यावर, आतल्या वस्तू एकेक करून काढून घेता येतात. शेवटी फळ्यावर उरावे ते तपकिरी फेल्टचे एक मिटलेले दार, पावसाच्या निळ्या पट्ट्या आणि कावळा. चिमणीची आकृती बाईंच्या मांडीवर पालथी राहील. बोलेल फक्त आवाज. प्रत्येक ठोठावण्यानंतर पावसाची एक पट्टी वाढवावी, म्हणजे बाहेरच्या बाजूसही काही घडू लागते. प्रत्यक्षात होते ते नेमके उलट. संच जसजसा जुना होतो तसतशी त्यात भर पडते. पहिल्या वर्षी पाच आकृती असतात, तिसऱ्या वर्षी पंधरा, आणि जो संच मोठा तो चांगला असे मानले जाते. कथा मुलाच्या मनात जितकी मुरते तितके साधन कमी व्हावयास हवे, ही साधी गोष्ट साधननिर्मितीच्या स्पर्धांतून आणि प्रदर्शनांतून दिसत नाही. प्रदर्शनाला मिटलेले दार काय दाखविणार?

तयार संचांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाल्यापासून अंगणवाडीचे जाळे पसरले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट पायाभूत टप्पा मानला, आणि २०२३ साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने खेळणी, कोडी, चित्रपत्ते इत्यादी साहित्याचा ‘जादुई पिटारा’ प्रसिद्ध केला. साहित्य वाढत आहे, हे चांगलेच आहे. मात्र बाजारात मिळणाऱ्या छापील कथासंचांत एक दोष वरचेवर आढळतो. त्यांतील घराला उतरते तांबडे छप्पर आणि धुराडे असते, आणि कावळा हसत असतो. असे घर शेणाचेही नसते आणि मेणाचेही नसते; ते पावसात का वाहून जावे हे कोणालाच सांगता येणार नाही. आणि हसणारा कावळा भिजू शकत नाही. हाताने कापलेल्या आकृतीत बहुधा डोळा म्हणजे एक ठिपका आणि चोच म्हणजे एक त्रिकोण एवढेच असते. तिच्या चेहऱ्यावर भाव नसल्यामुळे ती सांगणाऱ्याच्या आवाजातून भाव घेते. कलाकुसरीची ही उणीव कथेला सोयीची आहे.

आवाजाचा विचार करताना तळव्याच्या त्या हालचालीकडे पुन्हा यावे लागते. आकृती फळ्यावर बसविताना सांगणाऱ्याची मान वळते, चेहरा मुलांपासून दूर जातो आणि आवाज फळ्यावर आदळून मंदावतो. भोपळ्याच्या कथेत हा विराम मोलाचा ठरला, कारण तेथे वाघाच्या येण्याला थांबण्याची गरज होती. पण वाक्यागणिक आकृती बदलणाऱ्या कथनात दर वाक्यानंतर असा खड्डा पडतो. मग बाई अजाणता वाक्ये आखूड करतात. ‘हा कावळा. हे घर. हा पाऊस.’ कथेची क्रियापदे गळून जातात आणि नामे तेवढी उरतात. ऐकणाऱ्यालाही मग उत्तरादाखल नामेच द्यावी लागतात: हे काय? घर. हे काय? पाऊस. अशा वेळी शब्दसंग्रह वाढल्याचे समाधान मिळते, परंतु गोष्ट ऐकल्याचे नव्हे. पिंगुळीचा कथेकरी एका चित्रावर दीर्घकाळ थांबतो, तेथून येथे शिकण्यासारखे आहे. एक आकृती ठेवावी, फळ्याकडे पाठ करावी, आणि मुलांकडे पाहत निदान पाच-सहा वाक्ये बोलावीत.

कथा संपल्यावर आकृती मुलांच्या हाती दिल्या जातात तेव्हा या प्रकाराची खरी परीक्षा सुरू होते. बोलता न येणारे मूल येथे प्रथम कथाकार होते. ते कावळ्याला उचलून छपरावर ठेवील, वाघाला भोपळ्याखाली लपवील, चिंधीची टोपी राजाच्या डोक्यावरच राहू देईल. यांपैकी कोणतीही गोष्ट चुकीची म्हणून दुरुस्त करण्याचा मोह बाईंना होतो. क्रम बरोबर लागला म्हणजे कथा समजली असे मानण्याची सवय प्रशिक्षणाने लावलेली असते. पण क्रम लावणे ही एक गोष्ट आणि कथा समजणे ही दुसरी. कावळ्याला पाळण्यात निजविणाऱ्या मुलाला क्रम कळला नसेल. दाराबाहेर कोण भिजत होते हे मात्र त्याला बरोबर कळले आहे.

चिऊ-काऊच्या कथेचा शेवट घरोघरी निराळा सांगतात. कोठे दार उघडते आणि कावळ्याला चुलीपाशी ऊब मिळते, कोठे त्याच चुलीचा त्याला चटका बसतो, कोठे दार उघडेपर्यंत पाऊस थांबलेला असतो. फळ्यावर यांपैकी एकच शेवट एका वेळी दाखविता येतो, आणि आतल्या वस्तू आधीपासून मांडलेल्या असतील तर तो बहुतेक ठरूनच गेलेला असतो. दार मिटलेले ठेवले असेल तर मात्र तो तपकिरी तुकडा कोणी उचलावयाचा एवढेच ठरवावयाचे राहते. तो मुलाने उचलला, तर त्यामागे कोण आहे हे बाईंनी सांगण्यापूर्वी त्याला विचारता येते.